परांची

कांहीं वस्तूंच्या नशिबीं कृतघ्नता लिहिलेलीच असते. परांची ही त्यांतली एक. इमारत उभी राहावयाची तर आधीं परांची उभी राहिली पाहिजे. आणि इमारत पुरी झाली असें ज्या दिवशीं म्हणावयाचें, त्या दिवशीं परांची तेथें दिसतां कामा नये. लग्नाचा मांडव उतरला तरी त्याची आठवण निदान छायाचित्रांत राहते. परांचीचें चित्र कोणी काढून ठेवीत नाहीं. वास्तुशांतीला यजमान वास्तुविशारदाचा सत्कार करतो, कंत्राटदाराला नारळ देतो, क्वचित् एखाद्या जुन्या मिस्त्र्याला शर्टाचें कापडही मिळतें. पण ज्यानें अंतराळांत पहिला बांबू उभा केला आणि त्याला दुसरा बांधला, तो मनुष्य त्या वेळीं दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या अंतराळांत असतो.

इंग्रजी भाषेनें ह्या वस्तूवर एक चमत्कारिक अन्याय केला आहे. गवंडी ज्यावर उभा राहून भिंत रचतो तो मंच, आणि अपराध्याला ज्यावर उभें करून त्याचा शिरच्छेद करीत तो मंच, ह्या दोहोंना तिनें ‘स्कॅफोल्ड’ हें एकच नांव दिलें. आम्ही तीस वर्षें ती भाषा शिकवीत आलों. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्णनांत हा शब्द आला कीं, राजाला इमारतीच्या कामावर कशासाठीं नेलें, असें एखादा तरी विद्यार्थी विचारतो आणि वर्गांत हंशा पिकतो. मराठीनें ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेविल्या. परांची ती परांची आणि वधस्तंभ तो वधस्तंभ. भाषेनें केलेला हा भेद व्यवहारानेंही पाळावा इतकीच आमची अपेक्षा आहे, आणि ती दरवेळीं पुरी होते असें नाहीं.

आम्ही ज्या बेलापुरांत राहतों तेथें परांची पाहावयास दूर जावें लागत नाहीं. सिडको १९७० च्या मार्चांत स्थापन झाली, आणि तेव्हांपासून पारसिकच्या डोंगरापासून खाडीपर्यंतची ही भूमि कोठें ना कोठें बांबूंच्या पिंजऱ्यांत अडकलेलीच आहे. शहाबाज, आग्रोळी, दिवाळें हीं जुनीं आगरी-कोळी गांवें. त्यांच्या शेजारीं कोंकण भवन आलें, सिडको भवन आलें, रिझर्व्ह बँकेचें कार्यालय आलें, आणि १९२३ सालीं नव्हे तर पुरत्या शंभर वर्षांनंतर, २०२३ च्या नोव्हेंबरांत, येथून पेंधरपर्यंत मेट्रो धांवूं लागली. ‘सीबीडी’ ह्या तीन अक्षरांचा अर्थ मध्यवर्ती व्यापारी विभाग असा आहे, हें येथल्या निम्म्या रहिवाशांस ठाऊक नसेल. पण कोणत्या चौकांत कोणत्या इमारतीला परांची लागली आहे, हें रिक्षावाला डोळे मिटून सांगेल.

ह्याच गांवांत, सेक्टर ८ मध्यें, चार्ल्स कोरिया यांनीं १९८० नंतरच्या दशकांत एक वसाहत रचली. लोक तिला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणतात. तेथलीं घरें मुळांत ठेंगणीं, दोन घरांची भिंत सामाईक नाहीं. हेतु असा कीं, प्रत्येक कुटुंबानें आपल्या ऐपतीप्रमाणें घर वाढवावें आणि तें काम साध्या गवंड्याच्या आवांक्यांतलें असावें. कोणी पडलाच तर दहा-बारा फुटांवरून पडेल, हा विचार त्यांच्या मनांत होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ठेंगण्या घराचा हाही एक गुण आहे, आणि त्या वसाहतीचें कौतुक करणाऱ्यांच्या लिखाणांत तो आम्हांला कोठें आढळला नाहीं. असो. त्यांतल्या पुष्कळ घरांच्या जागीं आतां उंच घरें आलीं आहेत.

गेला पावसाळा संपल्यावर आमच्याच इमारतीचें काम निघालें. सात मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडें. खाडीची खारी हवा आणि डोंगराला अडून कोसळणारा पाऊस ह्यांनीं काँक्रीटमधल्या सळ्या गंजविल्या होत्या. गंजलेली सळी फुगते, फुगली कीं काँक्रीटला तडे पाडते, आणि त्या तड्यांतून पुन्हां पाणी शिरून गंज वाढतो; मनुष्याच्या कांहीं रोगांप्रमाणें हाही आपलें अन्न आपणच निर्माण करणारा रोग आहे. चार-पांच दिवसांत बांबूंची परांची गच्चीपर्यंत गेली. बांधणारे चौघे जण. कंबरेला दोरीचा जुडगा, पायांत कांहीं नाहीं. चवड्यांनीं बांबू धरून ते असे वर सरकत कीं, शेजारचीं मुलें त्यांना पाहण्याच्या नादांत शाळेची बस चुकवूं लागलीं. ही विद्या लहानसहान नव्हे. हिरवा बांबू सुकतां सुकतां आकसतो आणि काल घट्ट बसलेली गांठ महिन्याभरानें सैल पडते, हें ध्यानांत ठेवून जुन्या गांठी पुन्हां आवळीत जाणें हें कोणत्याही पुस्तकांतून शिकतां येणारें नाहीं. ज्याला आपण अडाणी म्हणतों त्याच्या बोटांत असलें शास्त्र असतें.

आमच्या अभ्यासिकेची खिडकी पांचव्या मजल्यावर आहे. एके सकाळीं उत्तरपत्रिका तपाशीत बसलों असतां खिडकीबाहेर, आमच्या टेबलाच्या उंचीवर, दोन अनवाणी पाय येऊन उभे राहिले. मग गुडघे दिसले, मग एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा वांकून आंत पाहूं लागला. तो बंगालच्या मालदा जिल्ह्यांतला होता. आमच्या मंडळींनीं गजांमधून चहाचा पेला पुढें केला. त्यानें थापी कंबरेला खोंचली आणि एका हातानें बांबू धरून दुसऱ्यानें चहा घेतला. त्याच्या छातीवर व खांद्यांवर पिवळ्या पट्ट्यांचें सुरक्षेचें पट्टबंधन होतें, आणि त्याचा लोखंडी आंकडा पाठीमागें शेपटीसारखा लोंबत होता. आमच्यांतला शिक्षक जागा झाला. हा आंकडा अडकवीत कां नाहींस, असें आम्हीं त्याला आमच्या मोडक्या हिंदींत विचारलें. त्यानें आधीं आंकड्याकडे पाहिलें, मग सभोंवार पाहिलें, आणि अगदीं सरळपणें म्हणाला, "किस में लगाऊं, साहब?"

तीस वर्षांत आम्हीं विद्यार्थ्यांना पुष्कळ प्रश्न विचारले. इतकें बिनतोड उत्तर क्वचितच मिळालें. खरोखर, कशांत अडकवावयाचा? ज्या बांबूवर तो उभा होता त्यांतच अडकवला, तर बांबू निसटल्यावर तो बांबूसकट खालीं जाणार. भिंतींत कडी नव्हती. गच्चीवरून दोर सोडलेला नव्हता. पट्टा मात्र होता. कारण पट्टा छायाचित्रांत दिसतो.

आमचा विषय वाङ्मय. तेव्हां परांचीचें शास्त्र आम्हांला कोठून असणार? परंतु दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहतात. त्यांनीं आम्हांला खालीं अंगणांत नेऊन, हातांतल्या काठीनें दाखवीत, अर्ध्या तासांत जें सांगितलें तें असें. वजन कितीही उंचावर ठेवा, शेवटीं तें उभ्या बांबूंच्या तळाशीं येतें. तेथें भुसभुशीत माती असेल आणि फरशीचा तुकडा सारून भागविलें असेल, तर वरची सारी बांधाबांध व्यर्थ. उभा बांबू लांब व बारीक. दाबाखालीं तो चिरडण्याआधीं बाकतो, म्हणून त्याला ठराविक अंतरांवर आडव्यांनीं धरावें लागतें. उभे-आडवे मिळून चौकोन होतात, आणि चौकोन हा स्वभावतः दुबळा. बाजूनें ढकला कीं कलंडतो. त्यांत तिरपा बांबू घातला म्हणजे त्याचे त्रिकोण होतात, आणि त्रिकोण कलंडत नाहीं. अखेरची गोष्ट, ही सारी चौकट इमारतीला घट्ट बांधलेली असावी लागते. कारण उंच परांची आपल्या पायांवर उभी नसते, ती इमारतीचा हात धरून उभी असते. त्यांत हल्लीं बाहेरून हिरवें जाळें लावतात. धूळ व खडे अडावे म्हणून तें आवश्यकच. पण जाळें लावलें कीं परांचीचें शीड होतें, आणि दुपारीं खाडीवरून वारा सुटला कीं हें शीड फुगतें. म्हणून जाळें लावावयाचें तर बांधण्या वाढवाव्या लागतात. इतकें सांगून त्यांनीं आम्हांला तिरपे बांबू मोजावयास लावले. रस्त्याच्या बाजूला चार होते. मागच्या बाजूला एकही नव्हता.

पाय ठेवावयास एकमेकींना लागून फळ्या, कंबरेच्या उंचीवर कठडा, आणि फळीच्या कडेला वीतभर पट्टी, म्हणजे निसटलेली थापी खालून जाणाऱ्याच्या डोक्यांत पडूं नये. हें कांहीं नवें ज्ञान नव्हे. भारतीय मानक ३६९६ ह्या संहितेंत तें १९८७ पासून छापलेलें आहे. आमच्या परांचीवर एक फळी होती, ती कामाप्रमाणें इकडून तिकडे फिरे. उरलेला वेळ ते बांबूवरच उभे राहत.

अशा वेळीं ‘हे लोक फार निष्काळजी असतात’ असें एक वाक्य सुशिक्षितांच्या तोंडीं तयार असतें. आम्ही ह्या वाक्याचा थोडा विचार केला आहे. ज्याला दिवसाच्या अखेरीस चौरस फुटांच्या हिशेबानें पैसे मिळतात, त्याला दर दोन मिनिटांनीं आंकडा काढून पुन्हां अडकविण्याचा वेळ कोण भरून देतो? ज्याच्या पायांखालीं फळी नाहीं, त्याच्यावर सावधपणाचा उपदेश करणें म्हणजे पोहतां न येणाऱ्याला पाण्याचे गुणधर्म समजावणें होय. तसेंच पाहिलें तर सावधपणाला अवधि तरी कोठें असतो? दहा मीटर, म्हणजे साधारण तीन मजले, खालीं येण्यास दीड सेकंदही लागत नाहीं, आणि जमिनीशीं गांठ पडते तेव्हां वेग ताशीं पन्नास किलोमीटर झालेला असतो. ‘अरे, सांभाळ!’ हें कोणी पुरतें ओरडण्यापूर्वींच निकाल लागतो.

वाङ्मयानें ह्या पतनाकडे कसें पाहिलें? इब्सेनचें ‘दि मास्टर बिल्डर’ हें १८९२ चें नाटक आम्हीं अनेक वर्षें वर्गांत शिकविलें. त्यांतला सोलनेस हा इमारती बांधणारा नामांकित मनुष्य. त्याला उंचीची भोंवळ येते, तरी एका तरुणीच्या भरीस पडून तो नव्या घराच्या मनोऱ्यावर पुष्पचक्र घेऊन चढतो आणि परांचीवरून कोसळून मरतो. ह्या पडण्याचे अर्थ सांगतां सांगतां टीकाकारांच्या लेखण्या झिजल्या: कलावंताची महत्त्वाकांक्षा, वार्धक्याची भीति, ईश्वराशीं स्पर्धा. ते अर्थ आम्हींही सांगितले आणि ते खोटे आहेत असें नाहीं. पण अभियंत्यांच्या अंगणांतल्या व्याख्यानानंतर हें नाटक पुन्हां चाळलें, तेव्हां एक गोष्ट ठळकपणें दिसली. त्या मनोऱ्यावर सोलनेसच्या आधीं कित्येक दिवस गवंडी चढत-उतरत असलेच पाहिजेत. त्यांतला कोणी पडला असता तर नाटक झालें नसतें; वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर तीन ओळी झाल्या असत्या. २०२३ च्या सप्टेंबरांत ठाण्याच्या बाळकुमांत चाळीस मजली इमारतीचा उद्वाहक कोसळून सात कामगार गेले, तेव्हां ती बातमी पहिल्या पानावर आली. एकट्यादुकट्याला तो मानही मिळत नाहीं.

संकट मोठें झालें म्हणजे तरी शहाणपण येतें काय? अमेरिकेंत वेस्ट व्हर्जिनियांतल्या विलो आयलंड येथें २७ एप्रिल १९७८ रोजीं वीजकेंद्राच्या शीतक-मनोऱ्याचें काम चाललें असतां, सुमारे १७० फुटांवरून परांची कोसळली आणि ५१ माणसें एका क्षणांत गेलीं. ती परांची जमिनीवर उभी नव्हती. मनोऱ्याच्या ओतलेल्या काँक्रीटलाच ती अडकविलेली होती, आणि आदल्या दिवशीं ओतलेलें काँक्रीट पुरतें कठीण झालें नव्हतें. म्हणजे इमारतीनें परांचीचा हात धरावयाचा, तर इमारतीचाच हात अजून बळकट झाला नव्हता. बांबूवर सगळा दोष ढकलणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, तेथें बांबू नव्हता, देश गरीब नव्हता आणि अभियंत्यांची वाण नव्हती. घाई मात्र होती.

मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं आमच्या सोसायटीची विशेष सभा भरली. सभा बोलावण्याच्या अर्जावर पहिली सही अभियंत्यांची व दुसरी आमची होती. सभेपूर्वीं आम्हीं कंत्राटाचें दरपत्रक मागून घेतलें. सात पानें होतीं. रंगाच्या छटेविषयीं अर्धें पान होतें. जलरोधक द्रव्याच्या दहा वर्षांच्या हमीविषयीं पाऊण पान होतें. परांचीविषयीं एकच शब्द होता, आणि तोही स्वतंत्र नव्हे: ‘बाहेरील गिलावा, परांचीसह.’ व्याकरणाच्या मास्तराला शब्दांची चाळवाचाळव करण्याची खोड असते, म्हणून आम्ही त्या ‘सह’कडे बराच वेळ पाहत राहिलों. ज्याच्या दरांत परांची ‘सह’ येते, त्याला बांबू जितके कमी, फळ्या जितक्या कमी, तितका फायदा अधिक. सर्वांत खालची निविदा आपण मोठ्या समाधानानें स्वीकारली, तेव्हां तो फायदा कोठून निघणार हें आपण विचारलेंच नव्हतें.

सभेंत गरमागरमी झाली. हा त्यांचा रोजचाच धंदा आहे, असें एकानें सांगितलें. दुसऱ्यानें विचारलें, विमा आहे ना? तिसऱ्यांचें म्हणणें असें कीं, ही कांहीं नवी इमारत नव्हे, ही रंगरंगोटी. हिला कसले आले कायदे? ह्यावर अभियंत्यांनीं कागद काढला. बांधकाम कामगारांसाठीं १९९६ सालीं झालेल्या कायद्याच्या व्याख्येंत दुरुस्ती व देखभालही होती. तो कायदा आतां २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेंत विलीन झाला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून, म्हणजे सभेच्या थोडेच दिवस आधीं, अंमलांत आली होती. त्या १९९६ च्या व्यवस्थेंत बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकरही बसविलेला होता, तो कामगारांच्या कल्याणासाठीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या मार्चांत दिलेल्या निकालांत नमूद आहे कीं, देशभर ह्या नांवाखालीं सदतीस हजार कोटींहून अधिक रुपये जमले होते आणि त्यांतले सुमारे साडेनऊ हजार कोटीच खर्च झाले होते. जो पैसा मनुष्य पडल्यावर त्याच्या घरीं पोंचावयाचा, तो मंडळांच्या खात्यांतच पडून होता. हें ऐकून विम्याचा प्रश्न विचारणारे गृहस्थ कांहीं वेळ स्वस्थ बसले.

सभेचें मन वळलें तें मात्र कायद्यानें नव्हे, भीतीनें. २६ नोव्हेंबरला हाँगकाँगच्या ताइ पो भागांत वांग फुक कोर्ट ह्या वसाहतीला आग लागली होती. एकतीस मजली आठ इमारती, बाहेरून दुरुस्ती चाललेली, भोंवतीं बांबूंची परांची आणि जाळें. आठांपैकीं सात इमारती पेटल्या आणि दीडशेंहून अधिक माणसें मेलीं. पुढें असें बाहेर आलें कीं, जाळ्याचा कांहीं भाग आगीला दाद न देणारा असावयास हवा होता तसा नव्हता, आणि खिडक्यांवर ठोकलेल्या फेसाळ प्लॅस्टिकच्या तक्त्यांनीं आग घरांत ओढून घेतली. ती दृश्यें सर्वांनींच पाहिली होतीं. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई, ज्या सहसा सभेंत बोलत नाहींत, त्या उठून म्हणाल्या, "आपल्या खिडकीबाहेरचें हिरवें जाळें कसलें आहे, हें कोणी पाहिलें आहे काय?" कोणी पाहिलें नव्हतें. इतका वेळ जो प्रश्न मालद्याच्या मुलाचा होता, तो एका क्षणांत आमच्या अठ्ठावीस बिऱ्हाडांचा झाला. मनुष्यस्वभावाविषयीं ह्यावरून जें अनुमान निघेल तें निघो; आम्हीं ह्या संधीचा फायदा घेतला, आणि त्याबद्दल आम्हांला संकोच वाटत नाहीं.

ठराव झाला तो असा: परांचीची बाब दरपत्रकांत वेगळी लिहावी, बांबूंऐवजीं लोखंडी नळ्यांची परांची, दोन फळ्यांची वाट, कठडा आणि पट्टी असावी, गच्चीवरून प्रत्येक माणसामागें एक स्वतंत्र दोर सोडावा, जाळें आगीला दाद न देणारें असावें आणि त्याचा एक तुकडा अभियंत्यांनीं गच्चीवर जाळून पाहावा. दर बिऱ्हाडामागें सुमारें साडेचार हजार रुपये वाढले. तिघांनीं विरोध नोंदविला. त्यांतल्या एकांनीं दुसऱ्या दिवशीं सर्वांत आधीं पैसे भरले, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

चार दिवसांनीं बांबू उतरले. उतरवितांनाही वरून खालीं, एकेक आडवा सोडीत, आणि इमारतीच्या बांधण्या त्या त्या मजल्यापर्यंत येईतों हात न लावतां उतरावें, असें अभियंते खालून ओरडून सांगत होते. घाईनें बांधण्या आधीं सोडल्या तर उभी परांची कागदासारखी मिटते. मग तळोज्याहून टेम्पोंतून नळ्या आल्या, पकडी आल्या, जमिनीवर ठेवावयाच्या लोखंडी बैठका आल्या. मागच्या अंगणांतली माती ठोकून तिच्यावर जाड फळ्या मांडल्या गेल्या. आमच्या खिडकीबाहेर आतां नीट वाट झाली, आणि तीवरून माणसें चालूं लागलीं. चालूं लागलीं असें आम्ही जाणूनबुजून लिहितों, कारण आधीं तीं लोंबकळत होतीं. गच्चीच्या खांबाला बांधलेले चार पांढरे दोर सात मजले खालपर्यंत सोडले होते.

पण खिडकीशीं येणारे चेहरे नवे होते. नळ्यांचें काम करणारी टोळी वेगळी, आणि तिनें गिलाव्याचीं माणसेंही आपलींच आणलीं होतीं. दोन दिवस वाट पाहून आम्हीं खालीं मुकादमाला त्या मालद्याच्या मुलाविषयीं विचारलें. तो खारघरला गेला, असें मुकादम म्हणाला. तिथें एका सोसायटीचें रंगाचें काम निघालें आहे, अकरा मजले, बांबूचें.

तिथें गच्चीवरून दोर सोडला आहे काय, असें आम्हीं विचारलें.

"तें तिथल्या सोसायटीला विचारा, सर," मुकादम म्हणाला, आणि टेम्पोंतल्या उरलेल्या पकडी मोजूं लागला.